राहिलेले ६४ रुपये

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

भाऊबिजेच्या दिवशी फोनवर तू विचारलेस, "इतक्या वर्षांनी येतेय, आपला रस्ता मला ओळखू येईल ना गं?" मी "न ओळखायला काय झालं" असे म्हटले आणि आपण तुझ्या नातवाने बडोद्यात केलेल्या किल्ल्याच्या गोष्टींकडे वळलो. फोन ठेवल्यावर मात्र तुझा प्रश्न मनातून जाईना. डिसेंबर २०१९ मध्ये तू इथले घर बंद करून गेलीस आणि त्यानंतर तीनच महिन्यांत सगळे थांबले. त्यामुळे पेरुगेटपासून मंडईपर्यंतचा जो रस्ता तुझ्या मनात आहे तो महामारीच्या आधीचा, अगदी जसाच्या तसा असणार. माझ्याजवळ तो तसा उरलेला नाही. मी रोज त्यावरून चालते, आणि पूर्वी तिथे काय होते हे आठवायला मला आता थांबावे लागते. तू येण्याआधी तुला सगळे नीट सांगावे म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

खुणा तुला सगळ्या सापडतील. हत्ती गणपती, भिकारदास मारुती, टिळक रस्त्याचे वळण, सगळे जागच्या जागी आहे. गर्दीही आहे, किंबहुना तू पाहिली होतीस त्यापेक्षा जास्तच आहे. बदल झाला आहे तो माणसे रस्त्यावर कशासाठी थांबतात आणि किती वेळ थांबतात यात, आणि तो पहिल्या दिवशी तुझ्या लक्षातही येणार नाही.

मला त्याची सुरुवात एका शनिवारपासून आठवते. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले होते आणि त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले होते, पण बाजार चालू होता. २१ तारखेला, जनता कर्फ्यूच्या आदल्या सकाळी, मी आपल्या पथारीवाल्या मावशींकडे गेले. तुला त्या आठवत असतील, हिरव्या काठाचे नऊवारी नेसणाऱ्या, खेड शिवापूरच्या बाजूने पहाटेच्या पीएमपीने गाठोडी घेऊन येणाऱ्या. मेथीच्या दोन जुड्या, सासूबाईंसाठी अळू आणि चुका, पावशेर गवार, आले आणि लिंबे, असे सगळे मिळून ६४ रुपये झाले. माझ्याजवळ पाचशेची नोट होती आणि त्यांच्याजवळ सुटे नव्हते. "राहू द्या ताई, सोमवारी द्या," असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी वर कढीपत्त्याची एक काडी पिशवीत टाकली. तो सोमवार आला तो रिकाम्या रस्त्याचा, आणि मंगळवारी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली.

पुढचे महिने मी गॅलरीतून पाहिले. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या, बोळांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकले गेले, आणि ज्या ठिकाणी मावशी गोणपाट अंथरून बसत असत तिथेच नेमका एक पत्रा उभा राहिला. किराणा दुकानांपुढे चुन्याचे गोल आखले होते आणि सकाळच्या दोन तासांत माणसे त्या गोलांत पिशव्या ठेवून लांब सावलीत उभी राहत, म्हणजे रांगेत माणसांऐवजी पिशव्या असत. समोरच्या बिऱ्हाडातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतकी शांतता होती. वडापावच्या गाडीवर वाढलेली चौकातली कुत्री गाडीच्या जागेपाशी येऊन बसत आणि संध्याकाळी उठून जात. मंडळाच्या मुलांनी त्या काळात जे केले ते मी विसरणार नाही. एरवी ज्यांच्या ढोलांच्या सरावाबद्दल आपण दोघी तक्रार करत होतो, तीच मुले एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधे आणत होती, शिध्याची पाकिटे बांधत होती आणि त्या कुत्र्यांसाठी पोळ्या गोळा करत होती.

त्या वर्षी पालख्या पुण्यात आल्या नाहीत. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. गणपतीत मानाच्या पाचही गणपतींचे विसर्जन मांडवातच झाले आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी लक्ष्मी रस्ता मोकळा होता. पुढे २०२२ मध्ये मिरवणूक पुन्हा निघाली ती दुसऱ्या दिवशीही दिवसभर चालली, इतके लोक उपाशी असल्यासारखे रस्त्यावर उतरले होते. सणांचे हे परतणे सगळ्यांनी पाहिले आणि त्यावर लिहिलेही खूप गेले, म्हणून त्यात जास्त रमत नाही. मला तुला सांगायचे आहे ते रोजच्या रस्त्याबद्दल.

टाळेबंदी हळूहळू उठू लागली तेव्हा रस्त्यावर आधी परतली ती भाजी, आणि ती विकणारे चेहरे बहुतेक नवे होते. शाळेच्या व्हॅनमधल्या बाकांवर फ्लॉवर आणि टोमॅटो रचलेले मी पाहिले. शाळा बंद, म्हणून चालकाने गुलटेकडीच्या घाऊक बाजारातून माल उचलायला सुरुवात केली होती. मोटारीची डिकी उघडून कोणी घरची इडली विकत होते, कोणी बिर्याणी, कोणी आंब्याच्या पेट्या. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ लिंबू-कोथिंबीर घेऊन बसत. त्यांना भाव सांगताना संकोच वाटे आणि गिऱ्हाइकाने घासाघीस केली की ते लगेच मान्य करत. नोकरी गेलेल्या माणसाला कोणाच्याही परवानगीशिवाय लगेच उभे राहता येईल अशी एकच जागा शहरात असते आणि ती म्हणजे फुटपाथ, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजले. त्याआधी फुटपाथवर बसलेल्या माणसांना मी सुद्धा मनातल्या मनात अडथळाच समजत होते, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही.

मावशी परत आल्या त्या नोव्हेंबरमध्ये. तोवर त्यांच्या जागेवर एक तरुण मुलगा बसू लागला होता. तो आधी एका हॉटेलात वाढपी होता, हॉटेल बंद पडले आणि त्याने पेरू-पपई विकायला घेतली. मावशींची जागा तीस वर्षांची, पण त्या मुलाचाही संसार त्याच चार फुटांवर उभा राहिला होता. भांडण होईल असे मला वाटले होते. शेजारच्या चपला शिवणाऱ्या काकांनी मध्यस्थी केली आणि ठरले असे, की सकाळी सहा ते अकरा मावशींची पालेभाजी आणि त्यानंतर त्या मुलाची फळे. मावशींचे गोणपाट आणि त्याची टोपली रात्री एकाच ठिकाणी, त्या काकांच्या पेटीमागे राहतील. हे कुठे लिहिलेले नाही, पण आज पाच वर्षे झाली, ते तसेच चालू आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र आहे, आणि ते सगळे आवश्यकच आहे. पण एका जागेचे दोन वाटे इतक्या शांतपणे होऊ शकतात ते रस्त्यावरच्या माणसांना एकमेकांची गरज ठाऊक असते म्हणून, असे मला वाटते.

हे सगळे मी त्या काळात पाहिले खरे, पण दुरून. आता जे लिहिते ते जरा जड आहे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, सासूबाई गेल्या, हे तुला माहीत आहे. त्यानंतर मी रस्त्यावर जाणेच सोडले. आधी भीती होती, मग दुःख होते, आणि मग या दोन्हींच्या आडून सवय कधी लागली ते मला कळले नाही. भाजी फोनवरून मागवायची, पिशवी दाराच्या कडीला अडकवून मुलगा निघून जायचा, पैसे आधीच गेलेले असायचे. दीड वर्षाहून जास्त काळ मी पेरुगेटच्या त्या पथारीपाशी गेले नाही, आणि मावशी परतल्या आहेत हे मला ठाऊक होते. ते ६४ रुपये मला अधूनमधून आठवत. जितका उशीर होत गेला तितके जाणे अवघड होत गेले, कारण आता काय सांगायचे हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा झाला होता.

शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये एका सकाळी गेले. मावशींनी मला ओळखले, हसल्या, "लई दिवसांनी" म्हणाल्या. मी मेथी घेतली, कांद्याची पात घेतली, आणि जुने ६४ रुपये वेगळे काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांना ती रक्कम आठवत नव्हती. माझ्या पिशवीत त्यांनी पाहिले आणि विचारले, "आज अळू-चुका नाही घेतलं? आजी गेल्या का?" शुभदा, सासूबाईंना त्यांनी आयुष्यात कधी पाहिले नव्हते. त्यांचे नावही त्यांना माहीत नव्हते. कितीतरी वर्षे दर आठवड्याला मी अळू आणि चुका एकत्र घेत होते आणि "म्हाताऱ्या माणसासाठी कोवळं द्या" असे म्हणत होते, एवढीच त्यांची ओळख. त्या फुटपाथवर उभी राहून मी रडले. घरात त्या दिवसांत रडायला झाले नव्हते. दवाखान्यातून परस्पर सगळे उरकले, चार माणसेही जमली नव्हती. मावशींनी मला बसायला त्यांचा पाट दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची जुडी बांधत राहिल्या.

तेव्हापासून मी रस्त्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. तिथे नेमके काय होते आणि आता काय उणे झाले आहे, हे मला त्या सकाळमुळे दिसू लागले.

पहिली गोष्ट सुट्या पैशांची. आता मावशींच्या तागडीशेजारी स्कॅनर उभा असतो आणि पैसे आले की लहानसा डबा मोठ्याने रक्कम सांगतो. "सुटे नाहीत, उद्या द्या" हे वाक्यच रस्त्यावरून गेले. ते वाक्य म्हणजे माझ्या दृष्टीने एक धागा होता. उद्या यायचे आहे, कोणीतरी आपली वाट पाहणार आहे, असे त्यात असे. मी हे मावशींना बोलून दाखवले तर त्यांना ते मुळीच पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की उधारी बुडायची, फाटक्या नोटा माझ्याच माथी यायच्या, आणि गल्ल्यातले पैसे संध्याकाळी घरी पोचेपर्यंत निम्मे व्हायचे. आता येतात ते थेट बँकेत येतात आणि नवऱ्याला दिसत नाहीत. शिवाय त्यांनी स्वनिधी योजनेतून कर्ज घेतले. ही योजना जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठीच सुरू झाली. तेव्हा तीत पहिले १०,००० रुपये विनातारण मिळत, वेळेवर फेडले की २०,०००, मग ५०,०००, व्याजावर ७ टक्के सवलत, आणि डिजिटल व्यवहारांवर दरमहा थोडी रक्कम परत. मावशींनी पहिले कर्ज फेडून दुसरे घेतले आणि आता गाठोड्यांसाठी टेम्पोत भागीदारी केली आहे. सावकाराच्या दारात त्यांना जावे लागले नाही. त्यामुळे स्कॅनरबद्दल हळहळणारी मी आणि त्याच्यामुळे उभ्या राहिलेल्या त्या, यांत बरोबर कोण हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे असे मी मानते, आणि तरीही ते वाक्य मला आठवते.

भवानीचे मात्र मजेशीर वळण झाले आहे. दिवसाची पहिली विक्री झाली की नोट कपाळाला लावायची, हा त्यांचा नेम तुला ठाऊक आहे. आता पहिले पैसे फोनवरून आले तर कपाळाला काय लावणार? काही दिवस त्या गोंधळल्या. आता डब्याने रक्कम सांगितली की मावशी त्या आवाजाला हात जोडतात, आणि मग तागडीच्या दांडीला. मला ते फार आवडले.

दुसरी गोष्ट आवाजाची. हातगाडीवाल्यांची आरोळी गेली. प्रत्येकाच्या गाडीवर बॅटरीवरचा भोंगा आहे आणि त्यात एकदा भरलेले शब्द दिवसभर वाजतात. मुखपट्टीच्या काळात ओरडणे अवघड होते, तेव्हापासून हे वाढले. आपल्या बोळात दुपारी येणाऱ्या कल्हईवाल्याची लांबवलेली हाक तू मला बडोद्याहून फोनवर करून दाखवली होतीस. तो आता येत नाही. भोंग्याला घसा नसतो, तो थकत नाही, आणि वरून कोणी काही विचारले तर त्याला ऐकूही येत नाही. वरच्या मजल्यावरून "कसे दिले?" असे विचारून टोपली सोडणाऱ्या बायका त्यामुळे कमी झाल्या. सोसायट्यांच्या फाटकांना तेव्हा जी कुलपे लागली ती तशीच राहिली. वहीत नाव लिहिल्याशिवाय बोहारीणही आत येत नाही.

पारावरचा वाचनकट्टाही गेला. टाळेबंदीत घरपोच वर्तमानपत्रांना काही काळ मनाई होती, मंडळाच्या बाकावरचे अंक बंद झाले, आणि नंतर ते कोणी पुन्हा सुरू केले नाहीत. तिथे सकाळी जमणारे सात-आठ पेन्शनर होते, त्यातले दोघे त्या दोन वर्षांत गेले. बाकीचे आता आपापल्या घरी फोनवर बातम्या वाचतात. बाक तसाच आहे. दुपारी त्यावर घरपोच सामान देणारी मुले बसलेली असतात, पाठीला चौकोनी पिशव्या, हातात फोन, एक पाय दुचाकीवर. मागच्या गाळ्यात पूर्वी कापडाचे दुकान होते, तिथे आता शटर अर्धे ओढलेले गोदाम आहे. गिऱ्हाइकाने आत जायचे नाही, माल मिनिटांत बाहेर येतो आणि मुले तो घेऊन पळतात. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला आहे. मुले चांगली आहेत, बोलायला तयार असतात, पण वाक्य अर्धे होते आणि फोन वाजतो. आमच्या आळीत ती दिवसभर असतात आणि आळीतले कोणी त्यांना नावाने ओळखत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मी बाकाशेजारी पाण्याचा माठ ठेवते. त्यातल्या एकाने परवा मला स्वतःहून "काकू, माठाला तोटी बसवू का?" असे विचारले आणि रविवारी येऊन बसवून दिली.

स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकांत बसणारी मुले परतली, हे तुला ऐकून बरे वाटेल. मार्च २०२० मध्ये ती ट्रंका घेऊन गावोगाव निघून गेली तेव्हा खाणावळी बंद पडल्या आणि आपल्या पेठेचे वय एका आठवड्यात तीस वर्षांनी वाढले. मग ११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि ती मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. मी तेव्हा औषध आणायला गेले होते. तोंडाला मुखपट्ट्या, हातात काहीही नाही, आणि रस्ताभर बसलेली शेकडो मुले. वर्षभर आपण सगळ्यांनी एकमेकांपासून लांब राहायला शिकलो होतो आणि ही मुले खांद्याला खांदा लावून बसली होती. मला भीती वाटली, आणि मी तिथून लवकर हलले नाही. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली.

काही गोष्टी चांगल्यासाठीही बदलल्या. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहनांना बंद ठेवला. मी नंतर एका वर्षी गेले होते. रस्त्याच्या मधोमध चालताना दुकानांच्या वरचे मजले दिसतात, लाकडी कठडे दिसतात, हे मला साठीत कळले. वर्षातून एकच दिवस हा हक्क मिळतो याचे मला वाईट वाटते. आठवड्यातून एकदा तरी मिळायला हवा, आणि तुळशीबागेतल्या दुकानदारांचे त्यात नुकसान होत नाही हे त्या गर्दीकडे पाहून कोणालाही समजावे.

आणि मंडई. १८८६ मध्ये ती उभी राहिली तेव्हा या इमारतीवरच्या खर्चाला महात्मा फुल्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणाला द्यावा असे त्यांचे मत होते, आणि आज तिला त्यांचेच नाव आहे. आता तिच्या पोटाखालून मेट्रो जाते. मेट्रो शहरात मार्च २०२२ मध्ये आली आणि मंडईचे भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. फायदा असा झाला की पिंपरी-चिंचवडच्या बायका पुन्हा पिशव्या घेऊन मंडईत दिसू लागल्या; पार्किंगच्या धास्तीने त्यांनी येणे सोडले होते. सरकत्या जिन्यावर मेथीच्या जुड्या धरून उभ्या असलेल्या बायका पाहिल्या की मला उगाचच धीर येतो.

तर तू स्टेशनवर उतरलीस की रिक्षा करू नकोस. तिथूनच मेट्रो घे, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदल, आणि स्वारगेटच्या दिशेने दुसरे स्थानक मंडई. वर आलीस की मी तिथे उभी असेन. तिथून आपण चालत पेरुगेटला जाऊ. अकराच्या आत पोचलो तर मावशी भेटतील. त्यांना मी तू येणार असल्याचे सांगितले आहे. त्यांनी लगेच विचारले, "त्या घोसाळी घेणाऱ्या बाई ना?" तू घोसाळी घेत होतीस हे मला आठवत नव्हते. घेत होतीस का गं?

सामान कमी आण. थंडी यंदा लवकर पडेल असे दिसते, शाल मात्र विसरू नकोस.

तुझी,
वसुधा